ईमेल तोच, पण माणूस तोच का?

एखाद्या साइटवर कधीकाळी ईमेल आणि पासवर्ड देऊन खातं उघडलेलं असतं, नंतर ते डोक्यातून गेलेलं असतं. पुढे तिथेच 'गूगलने लॉगिन करा' हे बटण दिसतं, आपण ते दाबतो आणि उत्तर मिळतं : 'हा ईमेल आधीच नोंदलेला आहे.' अरे, ईमेल आपलाच, गूगलचं खातंही आपलंच, मग दोन्ही जोडून टाका की! नव्या प्रोग्रामरलाही असंच वाटतं. ईमेल जुळला की खातं जोडायचं, चार ओळींचं काम. पण खात्यांच्या चोरीचा एक अख्खा प्रकार याच चार ओळींवर पोसला गेला आहे.

आधी त्या बटणामागे काय घडतं ते बघू. एका साइटला दुसरीकडच्या खात्यात मर्यादित प्रवेश कसा द्यायचा हे ठरवणारं ओऑथ 2.0 हे मानक 2012 साली आलं आणि 2014 मध्ये त्यावर ओपनआयडी कनेक्ट हे लॉगिनचं मानक उभं राहिलं. बटण दाबल्यावर ब्राउझर गूगलकडे जातो, पासवर्ड तिथेच दिला जातो आणि साइटला मिळतं ते फक्त गूगलच्या डिजिटल सहीचं एक टोकन, म्हणजे लॉगिन झाल्याचा छोटा दाखला. टोकनात काही ठरावीक रकाने असतात. 'आयएसएस' म्हणजे टोकन कोणी दिलं, 'ऑड' म्हणजे कोणत्या साइटसाठी दिलं, 'सब' म्हणजे त्या यूजरचा कायमचा क्रमांक. शिवाय ईमेल, आणि तो तपासलेला आहे की नाही, म्हणजे तो त्याच यूजरचा असल्याची खात्री केली आहे की नाही, हे सांगणारा एक हो-नाहीचा रकाना.

ओपनआयडी कनेक्टच्या मानकात स्पष्ट लिहिलं आहे की यूजरची ओळख पटवायची ती 'आयएसएस' आणि 'सब' या जोडीवरून. ईमेल त्यासाठी वापरू नये. कारण ईमेल बदलतो, आणि एकाचा पत्ता दुसऱ्याला मिळूही शकतो. 2013 मध्ये याहूने वर्षभर न वापरलेले आयडी मोकळे करून नव्या लोकांना दिले, तेव्हा जुन्या मालकांची पत्रं नव्यांच्या इनबॉक्समध्ये पडू लागली. नोकरी सोडलेल्या माणसाचा ऑफिसचा पत्ता त्याच नावाच्या नव्या कर्मचाऱ्याला मिळणं हे तर नेहमीचंच.

त्यातून टोकनातला ईमेल कोणी भरला, हाही प्रश्न असतोच. 2023 मध्ये डिस्कोप या कंपनीच्या संशोधकांनी 'एनओऑथ' नावाची त्रुटी समोर आणली. संस्थांमधल्या लोकांची खाती आणि लॉगिन सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअर एडी या सेवेत एखाद्या संस्थेचा ॲडमिन आपल्या यूजरच्या प्रोफाइलमध्ये वाटेल तो ईमेल टाकू शकत होता, अगदी दुसऱ्याचासुद्धा. मग त्या यूजरने 'मायक्रोसॉफ्टने लॉगिन करा' म्हटलं की टोकन अस्सल, सही खरी आणि आतला पत्ता भलत्याचाच. फक्त ईमेल जुळवून बघणाऱ्या साइटने त्याला त्या भलत्याच्या खात्यात सोडलं असतं.

याहून धूर्त हल्ला उलट्या दिशेने होतो. समजा तुमचं एखाद्या साइटवर खातंच नाही. हल्लेखोर तुमचा ईमेल आणि स्वतःचा पासवर्ड टाकून तिथे खातं उघडून ठेवतो. साइट ईमेलची खात्री न करताच ते चालू करते. महिन्यांनी तुम्ही येता, गूगलचं बटण दाबता, साइटला ईमेल जुळताना दिसतो आणि ती तुम्हाला त्याच खात्यात नेऊन बसवते. तुम्ही पत्ता, कागदपत्रं, कार्डाचा तपशील भरता. हल्लेखोराचा पासवर्ड मात्र अजून चालतोच! आयत्या बिळावर नागोबा आपण ऐकलेला असतो. इथे नागोबाच बीळ खणून वाट बघत बसतो. अविनाश सुधोदनन आणि अँड्र्यू पॅव्हर्ड यांनी 2022 मध्ये या प्रकाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी तपासलेल्या 75 लोकप्रिय सेवांपैकी किमान 35 अशा एखाद्या तरी हल्ल्याला बळी पडू शकत होत्या. पासवर्ड बदलूनही भागेलच असं नाही. काही ठिकाणी हल्लेखोराचं आधीपासून उघडं असलेलं सेशन, म्हणजे एकदा लॉगिन करून मिळालेला प्रवेश, तसंच चालू राहत होतं.

म्हणजे ईमेल जुळला की दोन गोष्टी विचारायच्या. आत्ता आलेल्या टोकनातला ईमेल खरोखर तपासलेला आहे का? आणि जुन्या खात्याचा ईमेल तेव्हा तपासला होता का? दुसरा प्रश्न सर्रास विसरला जातो. जुन्या खात्याची खात्रीच झाली नसेल, तर खऱ्या मालकाला आत घेताना जुना पासवर्ड रद्द करायचा, सगळी सेशन्स बंद करायची आणि आधी जोडलेली इतर लॉगिनंही तोडायची.

पहिला प्रश्नही वाटतो तेवढा सरळ नाही. जीमेलचा पत्ता असेल तर गूगलचा शब्द शेवटचा, कारण पत्ता त्यांचाच. पण गूगल खातं दुसऱ्या कंपनीच्या ईमेलवरही उघडता येतं. तिथे गूगलने तो पत्ता कधीतरी तपासलेला असतो. आज तो कोणाकडे आहे, हे गूगललाही ठाऊक नसतं.

म्हणून माझं मत असं, की आपोआप जोडू नका, विचारा. 'या ईमेलचं खातं आधीच आहे. एकदा पासवर्डने लॉगिन करा, मग गूगल जोडून देतो.' लोक वैतागतात हे खरं, कारण पासवर्ड आठवत नाही म्हणूनच तर बिचारे गूगलकडून आलेले असतात. मग ईमेलवर कोड पाठवावा. इथे एक बारीक फरक आहे. 'जोडण्यासाठी इथे क्लिक करा' अशी लिंक पाठवली, तर हल्लेखोर स्वतःचं सोशल खातं पुढे करून जोडणी सुरू करेल, मेल तुम्हाला येईल, तुम्ही सवयीने क्लिक कराल आणि त्याचं लॉगिन तुमच्या खात्याला चिकटेल. कोड मात्र जिथून मागणी झाली त्याच स्क्रीनवर टाकावा लागतो, आणि तो हल्लेखोराकडे नसतो. (तो फोन करून मागेल, आणि काही जण देतीलही, पण तो वेगळा विषय.)

'आधीच नोंदलेला आहे' हे वाक्य दाखवावं की नाही, यावरही वाद असतो. साध्या नोंदणीच्या फॉर्मवर ते दाखवलं, तर कोणीही कोणाचाही ईमेल टाकून त्या माणसाचं इथे खातं आहे का, हे तपासू शकतो. तिथे खातं असो वा नसो, दोन्ही वेळा 'मेल तपासा' एवढंच म्हणणं बरं. पण तपासलेला ईमेल घेऊन आलेल्या माणसाने तो पत्ता आपला असल्याचं दाखवलेलं असतं, त्याच्यापासून लपवण्यात काही अर्थ नाही.

काही वेळा जुळवायला काही नसतंच. ॲपलच्या लॉगिनमध्ये यूजर आपला ईमेल लपवू शकतो, मग साइटला एक वेगळाच, पुढे फॉरवर्ड होणारा पत्ता मिळतो. फेसबुककडून कधी ईमेल येतच नाही, कारण खातं फोन नंबरवर उघडलेलं असतं किंवा यूजरने परवानगी दिलेली नसते. अशा वेळी नवं खातं तयार होतं आणि 'माझा सगळा डेटा गेला' अशी तक्रार येते. डेटा जुन्या खात्यात सुखरूप असतो. उपाय एकच : जुन्या खात्यात लॉगिन करून सेटिंग्जमधून ॲपल किंवा फेसबुक जोडायचं. त्याआधी त्या लॉगिनवर चुकून तयार झालेलं रिकामं खातं मात्र काढून टाकावं लागतं, नाहीतर साइट म्हणेल, 'हे लॉगिन दुसऱ्या खात्याला जोडलेलं आहे.'

डेटाबेसमध्ये यूजरचं टेबल वेगळं आणि त्याच्या लॉगिनांचं वेगळं ठेवलं, की हे सगळं सोपं होतं : एक यूजर, अनेक लॉगिनं, आणि 'आयएसएस' व 'सब' ही जोडी एकदाच येईल अशी सक्ती. ती सक्ती कोडवर सोडू नये, डेटाबेसवरच टाकावी. अधीर बोटाने बटण दोनदा दाबलं की दोन विनंत्या एकाच क्षणी पोचतात आणि कोडमधली तपासणी दोघींनाही 'खातं नाही' असंच सांगते.