रोबोटिक ऑपरेशन आणि पोटावरची पिशवी

नाशिकमधल्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय: ‘गुदाशयाचा कॅन्सर रोबोटने काढला, तर पोटावर शौचाची पिशवी लागत नाही.’ धास्तावलेल्या घराला हे पटणं स्वाभाविक आहे. पण पिशवी मुख्यतः गाठीच्या जागेवरून ठरते. गाठ गुदद्वाराच्या स्नायूंत शिरली असेल, तर ते सहसा काढावेच लागतात आणि पिशवी कायमची राहते. मग ऑपरेशन पोट उघडून करा, दुर्बिणीने करा, नाहीतर रोबोटने. गाठ वर असेल तर आतडं जोडता येतं. जोड फार खाली असला, तर तो भरेपर्यंत बहुतेकदा तात्पुरती पिशवी देतात. रोबोटचे हात सर्जनच चालवतो. पडताळायला एमआरआयचा रिपोर्ट काढा: गाठ गुदद्वारापासून किती सेंटिमीटरवर? स्नायूंपर्यंत पोचलीय का? मग डॉक्टरांना विचारा, पिशवी लागली तर किती दिवस?