दुप्पट वेगाने पाहिलेलं लेक्चर

नागपुरात सीताबर्डीला मेट्रो बदलून लोकमान्य नगरच्या गाडीत बसलो, तर शेजारी एक इंजिनीअरिंगचा पोरगा. मोबाईलवर एनपीटेलचं, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाचं, थर्मोडायनॅमिक्सचं लेक्चर, दुप्पट वेगाने. पडद्यावरचे सर मूकपटातल्यासारखे भराभरा हातवारे करत होते. मास्तरकीची खोड जात नाही. लेक्चर संपल्यावर म्हटलं, "कार्नो सायकल काढून दाखव बरं." म्हणजे आदर्श उष्णता इंजिनाच्या चार टप्प्यांचा दाब-आकारमानाचा आलेख. वहीच्या मागच्या पानावर त्याने चार रेषा ओढल्या, चारही सारख्याच उताराच्या. खरं तर अ‍ॅडिआबॅटिक, म्हणजे उष्णतेची देवाणघेवाण नसलेल्या टप्प्याची, रेषा जास्त उभी असते. प्रसरण पावताना वायूला बाहेरून उष्णता मिळत नाही, तापमान उतरतं आणि दाब आयसोथर्मल, म्हणजे स्थिर तापमानाच्या, टप्प्यापेक्षा झपाट्याने पडतो.

"पाहताना तर समजून राहिलं होतं, सर."

पोरगा खोटं बोलत नव्हता, आणि दोष वेगाचाही नव्हता. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या प्रयोगांत दुप्पट वेगापर्यंत आकलनात फारसा फरक पडला नव्हता. गोम वेगळीच आहे. आकृती समोर असताना ती ओळखायची असते. कोऱ्या कागदावर ती आठवावी लागते. ओळखणं सोपं जातं म्हणून येतंय असं वाटतं. स्कूटरवर मागे बसून महाल भागातल्या गल्ल्या दहादा पाहिल्या, तरी एकट्याने जायची वेळ आली की पहिल्याच वळणावर थबकतो, तसंच.

२००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी यावर एक देखणा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. एक सूर्यावर, एक समुद्री पाणमांजरावर. मग एक उतारा पुन्हा वाचायला लावला, दुसरा काढून घेऊन आठवेल ते लिहायला लावलं. चूक-बरोबर कोणी सांगितलं नाही. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचलेलं ८१ टक्के आठवलं, लिहून काढलेलं ७५. म्हणजे घोकणारा जिंकला! आठवड्याने पाहिलं तर आकडे उलटे: ४२ आणि ५६. आठवणं ही नुसती तपासणी नसते. त्या खटपटीत आठवणच पक्की होते.

म्हणून 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवर, जिथे एनपीटेलचे अभ्यासक्रम चालतात, मला व्हिडिओपेक्षा दर आठवड्याची असाइनमेंट मोलाची वाटते. एनपीटेलमध्ये तिला २५ टक्के वजन आहे, ७५ टक्के केंद्रावरच्या परीक्षेला. पण मुदतीच्या रात्री ग्रुपवर उत्तरं फिरतात आणि आठवायची खटपट तेवढी वाचते. वर 'मी व्हिज्युअल लर्नर आहे', म्हणजे पाहूनच शिकतो, अशी सबब. २००८ साली संशोधकांनी या शिकण्याच्या शैलींचे पुरावे चाळले; प्रत्येकाला त्याच्या शैलीत शिकवल्याने फायदा होतो, याला भरवशाचा आधार मिळाला नाही. तरी हे खूळ डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणाऱ्या 'मिडब्रेन' शिबिरांच्या मानाने निरुपद्रवीच. तिथे पालक फी मोजतात आणि पोरं पट्टीखालच्या फटीतून बघतात.

पोराला म्हटलं, दर दहा मिनिटांनी व्हिडिओ थांबव, मोबाईल पालथा ठेव, आठवेल ते लिही. मग ताडून पाहा.

"त्याला टाइम लागते ना, सर."

उताऱ्यांच्या त्या प्रयोगात पुन्हा वाचायला आणि आठवून लिहायला सारखाच वेळ दिला होता. सात-सात मिनिटं.