प्लीहा काढली तर काय बिघडतं?

‘प्लीहा काढली तरी माणूस जगतो, म्हणजे ती बिनकामाचीच असणार’ असं चांगले शिकलेले लोकही सांगतात. यातला पहिला भाग खरा आहे. डाव्या बरगड्यांवर जोराचा मार बसला की त्यांच्या आडची प्लीहा (पाणथरी) फाटू शकते. अवयव जेमतेम 150 ग्रॅमचा, पण रक्ताने गच्च भरलेला. रुग्णाचा रक्तदाब टिकून असेल तर हल्ली डॉक्टर बऱ्याचदा बारीक लक्ष ठेवून ती वाचवतात. रक्तस्राव थांबतच नसेल तर मात्र ती काढावी लागते.

दुसरा भाग साफ चूक. शरीरात जवळपास सगळीकडे रक्त नळ्यांतूनच वाहतं. प्लीहेत मात्र त्यातलं काही चक्क नळीबाहेर सांडतं, जाळीदार ऊतीत झिरपतं आणि शिरेत परतताना भिंतीतल्या अरुंद फटींतून घुसतं. फट साधारण 1 ते 2 मायक्रॉनची, तांबडी पेशी 7 ते 8 मायक्रॉनची! तरुण पेशी लवचीक असते, अंग चोरून निसटते. 120 दिवसांच्या आसपास ताठर झालेली अडकते आणि भक्षकपेशी तिला गिळतात. पेशीत डीएनएचा उरलासुरला कण असेल तर तेवढाच मागे खुडला जातो आणि पेशी पुढे जाते. प्लीहा नसलेल्यांच्या रक्तात हे कण, म्हणजे हॉवेल-जॉली बॉडीज, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात.

याच संथ वाटेवर जंतूही सापडतात. न्यूमोकॉकस या न्यूमोनिया घडवणाऱ्या जंतूभोवती शर्करेचं कवच असतं. त्यावर अँटिबॉडी किंवा कॉम्प्लिमेंट (जंतूंना चिकटणारी रक्तातली प्रथिनं) चिकटल्याशिवाय भक्षकपेशींना पकड मिळत नाही. प्लीहेतल्या खास बी-पेशी त्यासाठी आयजीएम या प्रकारची अँटिबॉडी झटपट बनवतात. प्लीहा काढलेल्या अर्भकांतल्या भीषण जंतुसंसर्गाकडे 1952 मध्ये किंग आणि शूमाकर या शल्यविशारदांनी लक्ष वेधलं. हा संसर्ग विरळा, पण काही तासांत जीव घेऊ शकतो, आणि धोका आयुष्यभर राहतो. म्हणून न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस (मेंदूज्वराचा एक जंतू) आणि हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झी टाइप बी हा जंतू) यांच्या लसी देतात. तातडीच्या शस्त्रक्रियेनंतर शक्यतो दोन आठवड्यांनी. अशा माणसाला ताप आला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचं. ‘इम्युनिटी वाढवणारे’ काढे आयजीएमची जागा घेत नाहीत, बाटलीवर काहीही छापलेलं असो.

गंमत म्हणजे, फाटताना पोटात सांडलेले प्लीहेचे तुकडे कधी कधी तिथेच रुजून वाढतात. पण त्यांना मूळ प्लीहेसारखी मोठी धमनी नसते, रक्त कमी मिळतं. त्यांच्या भरवशावर लस टाळता येत नाही.