कम्प्रेशन गेलं, पण कुठून?

जुनी गाडी विकायला काढली की येणारा एजंट आधी बॉनेट उघडायला लावतो. चालू इंजिनावरचं ऑइलचं झाकण फिरवून काढतो, तिथून वर येणाऱ्या धुराकडे बघतो आणि निकाल देऊन मोकळा होतो: "कम्प्रेशन गेलंय साहेब, इंजिनाचं काम निघणार." गाडीची किंमत तिथल्या तिथे घसरते. मालक बिचारा गप्प बसतो, कारण कम्प्रेशन म्हणजे काय हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं आणि धूर तर डोळ्यांसमोर दिसत असतो.

मला या निकालाचा मनापासून राग येतो. चांगल्या इंजिनातही थोडा वायू पिस्टनच्या बाजूने खाली ऑइलच्या चेंबरमध्ये झिरपतोच, आणि तो परत इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या वाटेत, ओढून घेण्यासाठी प्रत्येक गाडीत एक नळी व व्हॉल्व्ह दिलेला असतो. त्यात गरम ऑइलची वाफ मिसळते. झाकण काढल्यावर जे दिसतं त्यात हे सगळं आलं. धूर भकाभका येत असेल, झाकण नुसतं ठेवलं तरी थडथडत असेल, तर शंका घ्यायला जागा आहे. पण शंका आली की मोजायचं असतं, आणि कम्प्रेशन, म्हणजे वर जाणारा पिस्टन सिलिंडरमधल्या हवेवर आणतो तो दाब, मोजायला साधं प्रेशर गेज पुरतं.

आधी आकडा समजून घेऊ. उदाहरणाला आपल्या रस्त्यांवर सगळीकडे दिसणारं मारुतीचं ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं के-१० इंजिन घेतो. सिलिंडरचा व्यास ७३ मिलिमीटर, पिस्टनचा प्रवास ७९.५ मिलिमीटर. म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये साधारण ३३३ घनसेंटिमीटर हवा येते, पिस्टनच्या वर उरणाऱ्या सुमारे ३७ घनसेंटिमीटर जागेतली धरून एकूण ३७०, आणि पिस्टन वर गेला की ही सगळी दहाव्या हिश्श्याएवढ्या जागेत, त्याच ३७ घनसेंटिमीटरमध्ये, दाबली जाते. शाळेतला बॉइलचा नियम लावला तर दाब दहापट व्हायला हवा. गेज वातावरणाच्या दाबाच्या वरचा दाब दाखवतो, म्हणून नऊ बार (एक बार म्हणजे साधारण वातावरणाचा दाब), सुमारे १३० पीएसआय. प्रत्यक्षात धडधाकट इंजिन १७०-१८० पीएसआय दाखवतं. नियम चुकला का? नाही. बॉइलचा नियम तापमान स्थिर असताना लागू पडतो आणि इथे हवा दाबताना चांगलीच तापते. तापली की दाब आणखी चढतो. उष्णता अजिबात बाहेर गेली नसती आणि एक कणही गळला नसता, तर दाब पंचवीसपट झाला असता. इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन वर निघाल्यावरही थोडा वेळ उघडा राहतो, भिंती उष्णता खातात, थोडी गळती होते, म्हणून खरा आकडा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी येतो.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे वळतो. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडरची भिंत बहुधा बिडाची. ॲल्युमिनियम जास्त प्रसरण पावतं, म्हणून दोघांत फट ठेवावीच लागते, नाहीतर गरम झाल्यावर पिस्टन जाम होईल. मग या फटीतून हवा निसटत का नाही? उत्तर आहे रिंग. १८५० च्या दशकात इंग्लंडमधल्या जॉन रॅम्सबॉटम नावाच्या रेल्वे अभियंत्याने वाफेच्या इंजिनासाठी एका जागी कापलेली, स्प्रिंगसारखी ताणणारी धातूची रिंग पुढे आणली. आजच्या गाडीत पिस्टनवर तीन रिंगा असतात आणि दाब धरण्याचं मुख्य काम सगळ्यात वरची करते.

बहुतेकांना वाटतं की रिंग आपल्या स्प्रिंगच्या जोरावर भिंतीला चिकटून राहते आणि "ताण गेला" की कम्प्रेशन जातं. गणित करून बघा. रिंगेचा स्वतःचा ताण भिंतीवर जेमतेम एक-दोन बारचा दाब देतो. पेट्रोल जळताना वरून पन्नास बारच्या आसपासचा दाब येतो. एवढासा ताण तो कसा अडवणार? तो अडवतच नाही, उलट दाबाकडूनच काम करून घेतो. पिस्टनमधली खाच रिंगेपेक्षा मिलिमीटरच्या काही शतांश भागाने उंच असते. वरून आलेला वायू आधी रिंगेला खाली ढकलतो आणि ती खाचेच्या तळावर घट्ट बसते. मग वरच्या बाजूला उघडलेल्या सूक्ष्म फटीतून तोच वायू रिंगेच्या पाठीमागे शिरतो आणि तिला बाहेर, भिंतीवर रेटतो. दाब जितका जास्त, तितकी रिंग घट्ट. आतून झाकण बसणाऱ्या प्रेशर कुकरमध्ये वाफच झाकण घट्ट करते, तसंच. रिंगेच्या ताणाचं काम एवढंच, की सुरुवातीच्या क्षणी तिला भिंतीला टेकवून ठेवायचं. बाकीचं ज्याला अडवायचं तोच वायू करतो. मला यंत्रशास्त्रात यापेक्षा देखणी युक्ती फार कमी दिसली आहे.

ही युक्ती कळली की बिघाडही आपोआप उलगडतात. भिंत आणि रिंग दोन्ही शाबूत आहेत, पण वेळेवर ऑइल न बदलल्याने खाचेत काजळी भरून रिंग अडकली. वायूला पाठीमागे शिरायला वाट नाही, रिंग बाहेर रेटली जात नाही, कम्प्रेशन गेलं. दुसरा प्रकार खाच झिजण्याचा. रिंग तिच्यात वरखाली आपटू लागते आणि खाचेच्या तळावर तिचा नीट टेकू बसत नाही. अशा पिस्टनवर नव्या रिंगा चढवणं म्हणजे पैसे वाया, कारण खाचेचा तळ आणि भिंत या दोन बैठकींपैकी एक आधीच गेलेली असते.

आणि तिसरी, खरीखुरी भिंतीची झीज. रिंगेच्या दोन टोकांमध्ये प्रसरणासाठी फट असते, ७३ मिलिमीटर व्यासाला सुमारे ०.३ मिलिमीटर. सिलिंडरचा व्यास ०.१ मिलिमीटरने वाढला, तर परीघ त्याच्या पाय (π) पट वाढतो, म्हणजे ०.३१ मिलिमीटरने. रिंगेची लांबी तेवढीच राहिली, म्हणून ही सगळी वाढ फटीत जमा होते आणि फट दुप्पट होते. रिंग स्वतः झिजली की त्यात आणखी भर पडते.

ही झीज सगळीकडे सारखी नसते. पिस्टन मधल्या प्रवासात वेगात असतो, तेव्हा रिंग ऑइलच्या पातळ थरावर अक्षरशः तरंगते, धातूला धातू लागतच नाही. वरच्या टोकाला पिस्टन क्षणभर थांबतो. वेग शून्य झाला की तो थर टिकत नाही. नेमक्या त्याच सुमारास इंधन पेटतं, दाब आणि तापमान कळसाला पोचतात आणि तोच दाब रिंगेला भिंतीवर सर्वात जोराने रेटत असतो. जी युक्ती दाब धरते, तीच भिंत खाते. म्हणून सिलिंडर वरच्या बाजूला जास्त झिजतो, आणि रिंग जिथपर्यंत पोचतच नाही त्या अगदी वरच्या पट्टीवर एक कंगोरा उरतो. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, काढल्यावर नखाला तो लागतो. तो न काढता नव्या रिंगा घातल्या तर नवी कोरी धार त्यावर आदळून रिंग तुटू शकते.

आणखी एक कोडं मालकांना छळतं. सकाळी गाडी सुरू होत नाही, आयडलिंगला थरथरते, पण हायवेवर मात्र सुसाट पळते. स्टार्टर इंजिनाला मिनिटाला अडीचशे फेऱ्यांच्या आसपास फिरवतो, तेव्हा कम्प्रेशनचा एक स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वर जाणारा एक प्रवास, ०.१२ सेकंद चालतो. तीन हजार फेऱ्यांना तोच स्ट्रोक ०.०१ सेकंदात संपतो. भोक तेवढंच, पण गळायला वेळ बाराव्या हिश्श्याएवढा. म्हणून कमी कम्प्रेशनची खरी ओळख हळू फिरणाऱ्या इंजिनात होते.

मोजणी अशी करायची. इंजिन गरम हवं, बॅटरी भरलेली हवी, सगळे स्पार्क प्लग काढलेले, इंधन आणि स्पार्क बंद, थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) पूर्ण उघडा. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेलं रीडिंग कमीच येतं आणि त्यावरून इंजिनं उघडली जातात. प्लगच्या भोकात गेज लावून प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा स्ट्रोक द्या आणि पहिल्या स्ट्रोकला काटा किती चढला तेही लिहा. रिंगा झिजल्या असतील तर काटा हळूहळू चढत जातो. व्हॉल्व्ह गळत असेल तर सुरुवातीलाच कमी आणि पुढेही फारसा चढत नाही. सर्वात कमी आकडा सर्वात जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांच्या खाली गेला तर दखल घ्यायची. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील, तर दोघांमधलं हेड गॅस्केट (हेडखालचं सील) तपासा. सगळेच सारखे कमी असतील, तर व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याचं टायमिंग सरकलंय का ते आधी पाहा. आणि गॅरेज महाबळेश्वरला असेल तर तिथे मुळात वातावरणाचा दाबच समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी असतो, हे लक्षात ठेवा.

मग ऑइलची चाचणी. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. ऑइलचा चिकटपणा हवेच्या शेकडो पट, त्यामुळे ते रिंगेच्या फटी तात्पुरत्या बुजवतं. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट, असं सगळे शिकतात. इथे एक बारकावा सुटतो. वरची उरलेली जागाच मुळात ३७ घनसेंटिमीटर. त्यात ५ मिलिलिटर ऑइल बसलं तर ती ३२ होते आणि दहाचं प्रमाण ११.४ वर जातं. म्हणजे ठणठणीत सिलिंडरही ऑइल घातल्यावर जास्त आकडा दाखवेल! म्हणून शेजारच्या चांगल्या सिलिंडरमध्येही तेवढंच ऑइल घाला आणि दोघांमधली वाढ ताडून बघा. ही तुलना केल्याशिवाय "रिंगा गेल्या" म्हणू नये.

याहून खात्रीची लीक-डाउन चाचणी. कम्प्रेशनच्या स्ट्रोकला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, पिस्टन अगदी वर आणून कम्प्रेसरची हवा प्लगच्या भोकातून आत सोडायची आणि कान लावायचा. पिस्टन बरोबर वर नसेल तर हवा क्रँकला झटका देऊन फिरवते, हात सांभाळा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आली तर इनटेक, डिपस्टिकच्या नळीतून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. एवढं स्पष्ट सांगणारी चाचणी असताना नुसता धूर बघून निकाल देणं मला पटत नाही.

मुंबई-पुण्याकडे सीएनजीवर लाखभर किलोमीटर पळालेल्या गाड्यांत फुसफुस बरेचदा सायलेन्सरमधून येते. गॅस कोरडा, व्हॉल्व्हची सीट त्यावर जास्त झिजते, व्हॉल्व्ह हळूहळू आत रुततो आणि त्याची दांडी वर सरकते. दांडी आणि तिला दाबणारा टॅपेट यांच्यातली फट कमी होत होत संपते. मग गरम होऊन दांडी लांबली की व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. बंद असतानाच तो सीटला टेकून आपली बरीचशी उष्णता बाहेर टाकत असतो. ती वाट गेली की कड जळू लागते. हे वेळेत पकडलं तर टॅपेट सेट करण्यावर काम भागतं: काही इंजिनांत स्क्रू फिरवून, काहींत वेगळ्या जाडीचे टॅपेट बसवून. म्हणून हेडला हात लावण्याआधी टॅपेट तपासून पुन्हा एकदा कम्प्रेशन घ्या. कड जळलीच असेल, तर हेड उतरवून सीट कापणं, व्हॉल्व्ह बदलून घासून बसवणं, फेसिंग (हेडचा तळ सपाट करणं) आणि नवं गॅस्केट एवढ्यात काम होतं. खालचं इंजिन उघडायची गरज नाही.

बाटलीत मिळणाऱ्या "कम्प्रेशन वाढवणाऱ्या" द्रावणांबद्दल लिहिलंच पाहिजे. काजळीने अडकलेली रिंग सोडवायला एखादं साफ करणारं रसायन कधीकधी उपयोगी पडतं, तेवढं मान्य. पण ०.१ मिलिमीटर म्हणजे १०० मायक्रॉन धातू गेलेला असताना कुठलाही नॅनोकण तो भरून काढत नाही, आणि जळलेल्या व्हॉल्व्हची कड तर मुळीच नाही. हायड्रोजनने काजळी काढण्याच्या जाहिरातींनाही हाच हिशेब लावा: गेलेला धातू त्याने परत येत नाही. जाड ऑइल घातलं की गेजचा आकडा थोडा सुधारतो खरा, पण पातळ ऑइलसाठी बनवलेल्या इंजिनात ते थंडीत वरपर्यंत पोचायला उशीर लावतं.

रिंगांचंच काम निघालं, तर बोअर गेजने वर, मध्ये, खाली आणि दोन्ही दिशांना मापं घ्यायला लावा. पिस्टन भिंतीला आडवा रेटतो, त्यामुळे सिलिंडर लंबगोल झिजतो. एका जागेचं माप पुरत नाही. कंपनीच्या मर्यादेत असेल तर होनिंग (भिंत घासून तिच्यावर बारीक रेघा पाडणं) आणि नव्या रिंगा, नसेल तर सिलिंडर बोअर करून, म्हणजे मोठा कापून, ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर जादा मापाचे पिस्टन. होनिंगच्या तिरप्या जाळीदार रेघांमध्ये ऑइल धरलं जातं आणि रिंगेची धार त्यांवर घासून भिंतीच्या मापाची होते. "एकदा उघडलेलं इंजिन परत पहिल्यासारखं होत नाही" ही समजूत मापं न घेता केलेल्या कामांमुळे पसरली आहे. मापात केलेलं इंजिन पुन्हा लाखभर किलोमीटर खुशाल चालतं.

शेवटी रनिंगचा काळ, म्हणजे काम झाल्यावर नव्या रिंगा भिंतीला बसेपर्यंतचा. पूर्वी मागच्या काचेवर "रनिंगमध्ये" असं लिहून लोक गाडी गोगलगायीसारखी चालवायचे. रिंगेला भिंतीवर रेटतो तो वायूचा दाब, आणि तो तयार होतो इंजिनावर भार पडल्यावर. नुसती आयडलिंगला ठेवली किंवा सतत हलक्या पायाने चालवली तर रिंग पुरेशी रेटली जात नाही, रेघांवर ऑइलचा काचेसारखा थर चढतो आणि रिंग बसायची राहून जाते. म्हणून इंजिन गरम झाल्यावर मध्यम भार द्यायचा, खालच्या गिअरमध्ये वेग वाढवायचा, मग पाय काढून गाडीला इंजिनाच्याच ब्रेकवर सावकाश उतरू द्यायचं, वेग सतत बदलता ठेवायचा. फार ताणायचं नाही, एकाच वेगाने तासन्‌तास पळवायचं नाही. हजार किलोमीटरला ऑइल-फिल्टर बदला, टॅपेट पुन्हा तपासा आणि तिन्ही सिलिंडरचे आकडे तारखेसह गाडीच्या सर्व्हिस बुकमध्ये लिहून ठेवा. पुढच्या वेळी एजंट झाकण काढायला लागला, तर ते पान त्याच्यासमोर उघडता येईल.