जागरणावर ॲक्युपंक्चरच्या सुईचा उतारा?

समोर काळा पडदा आणि मध्ये एक रिकामी चौकट. दोन ते दहा सेकंदांत कधीतरी, नेमकं कधी ते आधी कळत नाही, त्या चौकटीत आकडे धावू लागतात. दिसले की लगेच बटण दाबायचं. आकडे थांबतात आणि तुम्हाला किती मिलिसेकंद लागले ते दिसतं. असं सलग 10 मिनिटं. यात हुशारी लागत नाही, आणि सरावानेही फारसा फरक पडत नाही. झोप पुरेशी झालेला माणूस साधारण पाव सेकंदात बटण दाबतो. रात्रभर जागलेला माणूसही अनेकदा तितक्याच चपळाईने दाबतो, पण मधूनच त्याचं बोट अर्धा सेकंद, एक सेकंद, कधी त्याहूनही जास्त वेळ हलतच नाही. डोळे उघडे असतात, नजर पडद्यावर असते, तरी आकडे धावत राहतात. लक्ष असं किती वेळा निसटलं ते मोजलं की जागरणाने मेंदूचं काय केलं याचा अंदाज येतो.

2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात निरोगी माणसांना 14 दिवस रोज 4, 6 किंवा 8 तासच झोपू दिलं होतं. 8 तासवाले जवळपास होते तिथेच राहिले. बाकीच्यांची कामगिरी दिवसेंदिवस घसरत गेली, आणि शेवटी ती एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांइतकी खाली आली. 6 तास झोप म्हणजे अनेकांच्या लेखी ठीकठाक झोप, हे लक्षात घ्या. त्याहून गंभीर गोष्ट अशी की किती पेंग येते असं विचारल्यावर या माणसांची उत्तरं पहिल्या काही दिवसांनंतर फारशी बदललीच नाहीत. चुका वाढत होत्या, पण आपल्याला आता सवय झाली असं त्यांना वाटत होतं. झोपेवरच्या कुठल्याही उपायाबद्दल बोलताना हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

ॲक्युपंक्चर, म्हणजे शरीरावरच्या ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचण्याची पद्धत, हा त्यातलाच एक उपाय. त्याबद्दलचे दोन दावे सर्रास एकत्र मिसळले जातात. एक, ज्याला झोप लागत नाही त्याला सुयांनी झोप लागते. दोन, झोप झालीच नाही तरी सुयांनी स्मरणशक्ती आणि लक्ष सावरतं. पहिला दावा झोपेबद्दल आहे, दुसरा झोपेला पर्याय असल्याचा आहे. दोन्हींचे पुरावे वेगळे आहेत आणि वेगळेच तपासायला हवेत.

दुसऱ्या दाव्यामागचं संशोधन मुख्यतः उंदरांवर झालं आहे, आणि त्यातलं बरंचसं चीनमध्ये. उंदरांना जागं ठेवण्याची त्यातली नेहमीची पद्धत अशी: पाण्याच्या टाकीत छोटे छोटे गोल चौथरे ठेवायचे आणि उंदराला त्यांवर सोडायचं. स्वप्नांची झोप लागली की स्नायू सैल पडतात, उंदराचं तोंड पाण्याला टेकतं आणि तो दचकून जागा होतो. काही दिवस असं चालतं. त्यातल्या एका गटाला माथ्यावरचा ‘बाईहुई’, मनगटाजवळचा ‘शेनमेन’ किंवा गुडघ्याखालचा ‘झुसानली’ अशा बिंदूंवर सुया टोचतात, अनेकदा सुयांमधून सौम्य विद्युतप्रवाहही सोडतात. मग परीक्षा. गढूळ पाण्याच्या हौदात पृष्ठभागाच्या जरा खाली एक चौथरा लपवलेला असतो. खोलीतल्या खुणांच्या आधारे उंदराने त्याची जागा लक्षात ठेवायची आणि पोहत तिथे पोचायचं. सुया टोचलेले उंदीर लवकर पोचतात आणि त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या भागात, दाह कमी दिसतो, असे निष्कर्ष यातून पुढे आले आहेत.

हिप्पोकॅम्पसकडेच पाहण्याला आधार आहे. उंदरांना फक्त 5 तास जागं ठेवलं तरी तिथल्या पेशींच्या शाखांवरचे सूक्ष्म कोंब कमी होतात, असं 2016 साली दिसलं. दुसऱ्या पेशींचे संदेश नेमके या कोंबांवरच येऊन पोचतात. त्याच प्रयोगात पुढचे 3 तास झोपू दिल्यावर कोंबांची संख्या पूर्ववत झाली.

मात्र चौथऱ्यांच्या टाकीत उंदीर केवळ जागा नसतो, तो घाबरलेला आणि दमलेलाही असतो. सुयांनी सुधारणा दिसली, तर ती जागरणाचा परिणाम पुसल्यामुळे की ताण कमी झाल्यामुळे, हे वेगळं काढणं अवघड होतं. शिवाय विद्युतप्रवाह द्यायचा तर उंदराला स्थिर ठेवावं लागतं. त्यासाठी कित्येकदा हलकी भूल देतात, म्हणजे झोपेच्या अभावाच्या प्रयोगात उपचाराच्या नावाखाली थोडी विश्रांती शिरते. ज्या गटाला सुया नाहीत त्यालाही तितकाच वेळ तशीच भूल दिली होती का, हे अशा शोधनिबंधात मी सगळ्यात आधी शोधते.

सुयांनी शरीरात काहीच होत नाही, असं म्हणणंही चुकीचं ठरेल. 2010 साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर इथल्या शास्त्रज्ञांनी उंदराच्या पायात झुसानली बिंदूवर सुई खुपसून ती अधूनमधून फिरवली. सुईभोवतीच्या ऊतींत ॲडेनोसिन हे शरीरातलंच रसायन कित्येक पटींनी वाढलं आणि उंदराच्या वेदना कमी झाल्या. ॲडेनोसिनचा जो ग्राहक (पेशीवरची, ॲडेनोसिन जिथे चिकटतं ती जागा) यात कामाला येतो तो ज्या उंदरांत नव्हता, त्यांच्यावर सुईचा परिणाम झाला नाही. 2021 साली हार्वर्डच्या एका गटाने सौम्य विद्युतप्रवाहाने पायातल्या विशिष्ट संवेदी पेशी उत्तेजित झाल्या की मेंदूतून पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस चेतातंतूमार्फत मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीपर्यंत संदेश जाऊन दाह कमी होतो, हे उंदरांत दाखवलं. पोटावरच्या बिंदूला तोच प्रवाह दिल्यावर हा परिणाम दिसला नाही. दोन्ही कामं काटेकोर आहेत.

आता ॲडेनोसिन हे नाव झोपेवर वाचणाऱ्यांच्या ओळखीचं असेल. आपण जागे असताना ते मेंदूत साचत जातं आणि पेंग आणतं. कॉफीतलं कॅफिन त्याच्याच जागा अडवून बसतं. त्यामुळे ‘सुई ॲडेनोसिनवर काम करते आणि झोपही ॲडेनोसिनवर, म्हणजे सुईने झोपेचा प्रश्न सुटतो’ अशी उडी मारायचा मोह होतो. ही उडी फसते. पायातलं ॲडेनोसिन सुईजवळच राहतं, रक्तात गेलं तर काही सेकंदांत नष्ट होतं. आणि मेंदूतलं ॲडेनोसिन खरंच वाढलं, तर माणूस तल्लख होणार नाही, पेंगायला लागेल.

माणसांवरच्या चाचण्यांत आणखी एक अडचण येते. गोळीची तुलना साखरेच्या गोळीशी करता येते. सुईसाठी काय वापरायचं? 1998 साली बोथट टोकाची एक सुई पुढे आली. ती कातडीला टेकते आणि दाबल्यावर दांड्यात मागे सरकते. रुग्णाला टोचल्यासारखं वाटतं, पण कातडी भेदली जात नाही. टोचणाऱ्याला मात्र सगळं माहीत असतं. दुसरा मार्ग म्हणजे बिंदू सोडून भलत्याच जागी वरवर टोचणं. 2007 च्या मोठ्या जर्मन चाचणीत जुनाट कंबरदुखीच्या 1162 रुग्णांवर हे करून पाहिलं. सहा महिन्यांनी खऱ्या बिंदूंवर सुया घेतलेल्यांपैकी 47.6 टक्के, भलत्या जागी घेतलेल्यांपैकी 44.2 टक्के आणि नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी 27.4 टक्के रुग्णांना गुण आला होता. म्हणजे सुया घेण्याने फरक पडला, बिंदूंनी जवळपास नाही.

निद्रानाशासाठी सुयांच्या 33 चाचण्यांचा, सुमारे 2300 रुग्णांचा, कॉक्रेन या उपचारांचे पुरावे एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा आढावा 2012 साली आला. आकडे सुयांच्या बाजूने झुकत होते, पण चाचण्यांचा दर्जा इतका कमी होता की त्यांवरून शिफारस करता आली नाही. 1998 च्या एका पाहणीत तर चीन, जपान, हाँगकाँग आणि तैवानमधून आलेली ॲक्युपंक्चरची प्रत्येक चाचणी अनुकूल निघाली होती. प्रतिकूल निकाल छापलेच जात नसतील, तर छापलेल्यांची बेरीज करून खरं चित्र कसं दिसणार?

आणि मग एक साधी गोष्ट, जिच्याकडे मला वाटतं पुरेसं लक्ष गेलेलं नाही. सुया टोचल्यावर माणूस 20-30 मिनिटं शांत खोलीत डोळे मिटून पडून राहतो. दमलेल्या माणसाला तेवढ्यात डुलकी लागणं अगदी स्वाभाविक आहे. नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांवर केलेल्या प्रयोगात त्यांना आळीपाळीने 40 मिनिटं झोपायची सवलत दिली होती. ते सरासरी 26 मिनिटं झोपले, आणि उड्डाणाच्या उरलेल्या भागात त्यांची सतर्कता न झोपलेल्यांपेक्षा स्पष्टपणे चांगली राहिली. सुयांनंतर तरतरी आली तर श्रेय कोणाचं, सुईचं की डुलकीचं? हे ठरवायला खऱ्या आणि खोट्या सुयांच्या जोडीला तितकाच वेळ नुसता पडून राहणारा तिसरा गट हवा, सगळ्यांच्या डोक्याला मेंदूलहरी टिपणारे इलेक्ट्रोड हवेत, आणि शेवटी ‘कसं वाटतंय’ या प्रश्नाऐवजी त्या धावत्या आकड्यांची 10 मिनिटं हवीत.

तोवर, ज्यांना महिनोनमहिने झोप लागत नाही त्यांच्यासाठी निद्रानाशासाठीची वर्तन उपचारपद्धती, म्हणजे झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलचे विचार बदलण्याचा उपचार, हा पहिला उपाय असावा, अशी ‘अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ या डॉक्टरांच्या संघटनेची 2016 पासूनची शिफारस आहे. तिच्यामागचा पुरावा सुयांपेक्षा बराच भक्कम आहे. तिच्या जोडीला कोणी प्रशिक्षित माणसाकडून, एकदाच वापरायच्या निर्जंतुक सुयांनी ॲक्युपंक्चर घेतलं तर धोका फारसा नाही. पण जो रात्री पुरेसा वेळ झोपतो, जोरात घोरतो आणि तरी दिवसभर पेंगतो, त्याने आधी झोपेत श्वास अडकतो का याची तपासणी करून घ्यावी. आणि सुया घेऊन ताजंतवानं वाटलं म्हणून जागरणानंतर कोणीही गाडी चालवायला बसू नये.