सौम्य आम्लांचे तीव्रता-मापन

पाण्यात विरघळल्यावर आम्लाच्या शंभर रेणूंपैकी किती रेणू हायड्रोजन आयन सोडतात, त्यावर आम्लाची तीव्रता ठरते. हायड्रोक्लोरिक आम्लाचे विचरण, म्हणजे असे आयनांत तुटणे, जवळजवळ पूर्ण होते. शिरक्यातल्या ॲसेटिक आम्लाचे ०.१ मोलर (लिटरमागे ०.१ मोल) द्रावणात जेमतेम १.३ टक्के. अशा अर्धवट विचरण होणाऱ्या आम्लांना सौम्य म्हणतात आणि त्यांची तीव्रता विचरण स्थिरांकाने सांगतात. ॲसेटिक आम्लाचा स्थिरांक २५ अंश सेल्सिअसला सुमारे ०.००००१७५ आहे. एवढी शून्ये कोण मोजणार, म्हणून त्याचा ऋण लॉगरिथम घेतात. तो पीकेए, इथे ४.७६. पीकेए एकाने कमी झाला की स्थिरांक दहापट वाढतो.

तीव्रता वेगळी आणि प्रमाण वेगळे. सांगली जिल्ह्यातल्या द्राक्षबागेत ‘माल अजून आंबट आहे’ म्हणतात, तेव्हा बोलणे प्रमाणाचे असते. मणी पिकताना टार्टारिक आम्ल सौम्य होत नाही. रसातला आम्लाचा वाटा घटतो. तो वाटा अनुमापनाने, म्हणजे आम्ल संपेपर्यंत अल्कली मोजून घालून, कळतो. ०.१ नॉर्मल (इथे ०.१ मोलरच) सोडियम हायड्रॉक्साइड या अल्कलीचा १ मिलिलिटर म्हणजे ०.००७५ ग्रॅम टार्टारिक आम्ल. १० मिलिलिटर रसाला ८ मिलिलिटर लागले तर आम्लता ०.६ टक्के. तीव्रता या आकड्यातून कळत नाही. २० मिलिलिटर ॲसेटिक आम्ल आणि तितक्याच मोलरतेचे २० मिलिलिटर हायड्रोक्लोरिक आम्ल, दोघांनाही अल्कली सारखीच लागते.

तीव्रता सापडते ती निम्म्या वाटेवर. ब्युरेट या खुणांच्या नळीतून थोडेथोडे अल्कली सोडत दर वेळी सामू (पीएच) नोंदवायचा. २० मिलिलिटरला उदासिनीकरण पूर्ण होत असेल, तर १० मिलिलिटरला निम्मे आम्ल क्षार झालेले असते आणि तिथला सामू हाच पीकेए. सामूमापी आधी ४ आणि ७ सामूच्या बफरवर, म्हणजे ठरलेला सामू राखणाऱ्या द्रावणांवर, लावून घेतलेला हवा, नाहीतर सगळा आलेखच सरकतो.

शेवटचा बिंदू मात्र ७ वर येत नाही. ०.१ मोलर ॲसेटिक आम्ल तितक्याच मोलरतेच्या अल्कलीने उदासीन केले, तर तो ८.७ च्या आसपास पडतो. म्हणून मिथिल ऑरेंज हे रंग बदलून शेवट दाखवणारे दर्शक इथे फसवते. ते सामू ३.१ ते ४.४ दरम्यानच रंग बदलून मोकळे होते. फिनॉल्फ्थॅलिन चालते. त्याची फिकट गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली की थांबावे. पुढे ती उडाली तरी दोष हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा. सांगलीच्या पेठेतली हळदही कामचलाऊ दर्शक आहे. सामू साडेसातच्या पुढे गेला की तिचा पिवळा रंग तांबूस होऊ लागतो. हळदीत चुना घालून कुंकू करतात, तो हाच बदल.

टार्टारिक आम्ल या रीतीला सहजी दाद देत नाही. त्याला दोन हायड्रोजन सोडता येतात आणि त्यांचे पीकेए, सुमारे ३.० व ४.४, इतके जवळ आहेत की आलेखावर दोन पायऱ्या न दिसता एकच चढ दिसतो. मग निम्म्या वाटेचा नियम सोडून साऱ्या नोंदींवर गणित बसवावे लागते.

सामूमापीच्या आधी हे मापन विद्युत्‌वाहकतेवरून होई. विरल केल्यावर सौम्य आम्लाचे विचरण कसे वाढते, याचा नियम ओस्टवाल्ड यांनी १८८८ मध्ये मांडला. सामूची मोजपट्टी सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये आणली.

तासगाव भागात बेदाणा करताना द्राक्षे डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात. सालीवरचा मेणाचा थर सैल होतो आणि शेडमधल्या जाळीवर मणी लवकर सुकतो. कार्बोनेट हा कार्बोनिक या सौम्य आम्लाचा क्षार. त्या आम्लाचा दुसरा पीकेए १०.३, म्हणून द्रावणाचा सामू ११ च्या आसपास राहतो. फुटलेल्या मण्यांचा रस उतरत गेला की तो घसरतो. सामूचा कागद बुडवून पाहतात आणि कार्बोनेट वाढवतात.