लिनक्सवरची लुकलुकणारी स्क्रीन: दुखणं कुठून कुठे सरकलं

एडिटरमध्ये ओळ टाइप करावी, शेवटची चार अक्षरं गायब व्हावीत, पुढचं बटण दाबलं की परत यावीत आणि लगेच पुन्हा जावीत. एन्व्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड आणि वेलँड (जुन्या एक्सच्या जागी आलेली, खिडक्या पडद्यावर दाखवण्याची नवी रीत) सेशन असलेल्या अनेकांनी हे २०२४ च्या मध्यापर्यंत सोसलं. केबल बदलून झाली, मॉनिटर बदलून झाला, लुकलुक हटली नाही.

तक्रार जुनीच आहे, पण तिचं मूळ दर काही वर्षांनी जागा बदलत आलं. म्हणून दहा वर्षांपूर्वीचा उपाय आज बहुधा लागू पडत नाही.

नव्वदच्या दशकात दोष काचेच्या नळीचा होता. ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला साठ वेळा चित्र बदलताना, सीआरटी हा नळीचा मॉनिटर डोळ्यांना टोचायचा, ७५ किंवा ८५ वर शांत व्हायचा. त्यासाठी एक्सफ्री८६ या तेव्हाच्या एक्स सर्व्हरच्या (स्क्रीनवर चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) कॉन्फिग फाइलमध्ये मॉनिटरची हॉरिझाँटल सिंक आणि व्हर्टिकल रिफ्रेश यांची मर्यादा हाताने लिहावी लागे. आकडे चुकले तर मॉनिटर खराब होऊ शकतो, असा इशारा तेव्हाच्या कागदपत्रांत असे, आणि तो खरा होता.

पुढे मॉनिटर आपली माहिती स्वतःच कळवू लागले. मार्च २००९ च्या २.६.२९ या कर्नलमध्ये (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) इंटेलसाठी कर्नल मोडसेटिंग आलं, म्हणजे रिझोल्यूशन कर्नलच ठरवू लागला. तोवर रिझोल्यूशन ठरवण्याचं काम एक्स सर्व्हर करायचा, त्यामुळे बूट होताना किंवा टेक्स्ट कन्सोलवर जाताना स्क्रीन झपकन काळी व्हायची.

क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी २००८ मध्ये वेलँड सुरू केलं, तेव्हा हेतू हाच होता की अर्धवट रंगवलेलं चित्र कधीच दिसू नये. पण ते साधायला 'रंगकाम संपलं' हे कुणीतरी सांगावं लागतं. लिनक्समध्ये ही खूण कर्नल स्वतःच बफरला (चित्र ठेवलेल्या मेमरीच्या तुकड्याला) लावायचा, प्रोग्रॅमने तोंड उघडायची गरज नसे. यालाच इम्प्लिसिट सिंक म्हणतात. इंटेल आणि एएमडीचे ड्रायव्हर कर्नलमध्येच वाढलेले, त्यांना ही रीत अंगवळणी होती. एन्व्हिडियाचा बंद ड्रायव्हर ती पाळत नसे. मग कंपोझिटर, म्हणजे सगळ्या खिडक्या एकत्र करून पडद्यावर मांडणारा प्रोग्रॅम, चित्र पूर्ण व्हायच्या आधीच उचलायचा आणि जुनी फ्रेम दाखवायचा. सर्वांत जास्त फटका एक्सवेलँडमधून (एक्ससाठी लिहिलेले प्रोग्रॅम वेलँडवर चालवणाऱ्या दुव्यातून) चालणाऱ्या प्रोग्रॅमना बसला. वरची गायब होणारी अक्षरं ती हीच.

एन्व्हिडियाचं म्हणणं होतं की खूण उघडपणे द्यावी आणि घ्यावी, म्हणजे एक्सप्लिसिट सिंक. माझ्या मते तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर होतं, व्हल्कन ही ग्राफिक्सची आधुनिक प्रणालीही त्याच रीतीने चालते. मात्र एकमत व्हायला फार वेळ गेला आणि तोवर त्रास वापरणाऱ्यांनी काढला. मार्च २०२४ मध्ये वेलँडचा त्यासाठीचा प्रोटोकॉल मंजूर झाला, मे महिन्यात एक्सवेलँड २४.१ आलं, जूनमध्ये केडीईचा डेस्कटॉप प्लाझ्मा ६.१ आणि एन्व्हिडियाचा ५५५ ड्रायव्हर. हे सगळे दुवे जुळले तेव्हाच अक्षरं जागेवर थांबली.

लॅपटॉपवरची लुकलुक वेगळी. तिथे पुष्कळदा पॅनेल सेल्फ रिफ्रेश ही वीज वाचवणारी सोय कारण असते, आणि इंटेलच्या आय९१५ ड्रायव्हरमध्ये ती कर्नल पॅरामीटर देऊन बंद करून पाहता येते. लिनक्स सुरू होण्याआधीच्या बायोसच्या स्क्रीनवरही लुकलुक दिसली तर मात्र लिनक्सला दोष देऊ नये, केबल किंवा पॅनेल बघावं.

केप्लर पिढीची जुनी एन्व्हिडिया कार्डं ४७० ड्रायव्हरवरच थांबली, त्यांना एक्सप्लिसिट सिंक मिळालंच नाही. अशा कार्डावर एक्सएफसीईसारखा एक्स११ वर, म्हणजे जुन्या एक्सवर, चालणारा डेस्कटॉप घ्यावा.